साठीनंतरचा सामुराई

साठ या संख्येशीं आशियांतील पुष्कळ देशांचें कालगणनेमुळें जुनें नातें आहे. आपल्याकडे प्रभव संवत्सरापासून क्षय संवत्सरापर्यंत साठ संवत्सरांचा एक फेरा पुरा होतो, आणि जन्माचें संवत्सर पुन्हा उगवलें म्हणजे पुष्कळ घरांत साठीशांत होते. जपानांतहि चीनकडून आलेली साठ वर्षांच्या फेऱ्याची गणना शतकानुशतकें चालत आली. तेथें साठ वर्षें पुरीं होण्यास ‘कान्रेकी’ म्हणतात. पंचांग फिरून आरंभाशीं येणें, असा त्या शब्दाचा अर्थ आहे. त्या प्रसंगीं साठी गांठलेल्या माणसास लाल टोपी आणि लाल बिनबाह्यांची बंडी घालावयाची, असा प्रघात आहे. लाल हा पूर्वीं तान्ह्या मुलाच्या अंगावर घालावयाचा रंग. तेव्हां या पोषाखाचा अर्थ उघड आहे. एक आयुष्य संपलें, दुसऱ्याचा पहिला दिवस उजाडला.

योगायोग असा कीं, ज्या वर्षीं पंचांग त्या माणसास नवा जन्म देतें, त्याच वर्षीं बहुधा कचेरी त्याला निरोप देते. समारंभ होतो, चार गौरवाचे शब्द बोलले जातात, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं नेहमींच्या वेळीं जाग येते. परंतु जाण्यास ठिकाण उरलेलें नसतें. त्या सकाळीपासून पुढें काय, हा प्रश्न घेऊन २०१७ सालीं एक लहानशी जपानी चित्रमालिका निघाली. ती विनोदी आहे, सौम्य आहे, आणि वरवर पाहतां केवळ खाण्यापिण्याची आहे. परंतु सक्तीच्या निवृत्तीनें माणसाचें नेमकें काय हरवतें, या प्रश्नाचें तिनें दिलेलें उत्तर ऐकून घेण्यासारखें आहे.

मालिकेचें मूळ नांव ‘नोबुशी नो गुरुमे’. नोबुशी म्हणजे रानोमाळ हिंडणारा योद्धा, आणि गुरुमे हा फ्रेंच भाषेंतून जपानींत गेलेला, खवय्या या अर्थाचा शब्द. बाहेरच्या जगांत ती ‘सामुराई गुर्मे’ या नांवानें ओळखली जाते. मासायुकी कुसुमी या लेखकाच्या लिखाणावर ती आधारलेली आहे. त्या लिखाणाला शिगेरु त्सुचियामा यांनीं चित्रकथेचें रूप दिलें होतें. एकट्यानें जेवणाऱ्या माणसाचें मन हा कुसुमींचा आवडता विषय होय. जिरो तानिगुची यांच्या चित्रांसह निघालेली त्यांची ‘कोदोकु नो गुरुमे’, म्हणजे एकाकी खवय्या, ही चित्रकथा जपानांत फार लोकप्रिय झाली आणि २०१२ पासून तिच्यावरहि दूरचित्रवाणीची मालिका निघाली. सामुराईची मालिका नेटफ्लिक्सनें १७ मार्च २०१७ रोजीं प्रसिद्ध केली. तिचे भाग बारा, आणि प्रत्येक भाग सुमारें वीस मिनिटांचा. ताकेशी कासुमी या निवृत्त गृहस्थाचें काम नाओतो ताकेनाका या नटानें केलें आहे. १९९६ सालच्या ‘शॅल वुई डान्स’ या जपानी चित्रपटांत, कचेरींत दबून वागणारा आणि नृत्यशाळेंत मात्र बेभान होणारा कारकून ज्यानें रंगविला, तोच हा नट. मालिका प्रसिद्ध झाली तेव्हां त्याचेंहि वय साठच होतें.

कासुमीची अवस्था समजण्यासाठीं जपानी नोकरीची घडण थोडी पाहिली पाहिजे. निवृत्तीच्या नियमास तेथें ‘तेइनेन’, म्हणजे ठरलेलें वर्ष, असें म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील मोठ्या कंपन्यांत अशी रीत रुजली कीं, तरुणानें शिक्षण संपतांच एका कंपनींत शिरावें आणि अखेरपर्यंत तेथेंच राहावें. पगार हा बहुतांशीं नोकरीच्या वर्षांच्या मानानें वाढत जावयाचा. अशा व्यवस्थेंत जुना नोकर हा सर्वांत महाग नोकर ठरतो, आणि कोठें तरी रेघ ओढणें कंपनीला भाग पडतें. ही रेघ पूर्वीं बहुधा ५५ व्या वर्षीं ओढली जाई. १९९८ पासून ती ६० च्या आंत ओढण्यास कायद्यानें मनाई झाली. २०१३ पासून, राहूं इच्छिणाऱ्या नोकरास टप्प्याटप्प्यानें ६५ व्या वर्षापर्यंत काम देण्याची जबाबदारी मालकांवर आली. आणि २०२१ पासून ७० व्या वर्षापर्यंत कामाची सोय करण्याचा प्रयत्न त्यांनीं करावा, असें ठरलें.

तरीहि पुष्कळ कंपन्यांनीं साठ हीच रेघ कायम ठेविली. साठीनंतर त्याच माणसास मुदतीच्या करारावर, आणि बहुधा कमी पगारावर, पुन्हा घेतात. मग कालचा अधिकारी आपल्याच हाताखालीं तयार झालेल्या माणसाच्या हाताखालीं बसतो. जो असा बसत नाहीं तो घरीं जातो. दोहोंतहि मनाला बोंचणारी गोष्ट एकच असते: कामांत कसूर झालेली नसते, शरीर थकलेलें नसतें, आणि केवळ जन्मतारखेवरून दार बंद होतें. आपल्या देशांत केंद्र सरकारच्या नोकरांची ही रेघ १९९८ सालींच ५८ वरून ६० वर गेली. पेन्शनरांचें गांव म्हणून ज्या पुण्याची ख्याति झाली, तेथील घरांना तरी हा अनुभव परका वाटूं नये.

आतां मालिकेचा पहिला भाग पाहावा. नोकरीतून मोकळा झालेला कासुमी भरदुपारीं बाहेर पडतो आणि एका साध्या खानावळींत शिरतो. उन्हाचे दिवस, थंड बीअरचा एक पेला घ्यावा असें त्याच्या मनांत येतें. अडचण कांहींच नाहीं. खिशांत पैसे आहेत, कचेरींत परत जावयाचें नाहीं, कोणास हिशेब द्यावयाचा नाहीं. तरी त्याच्या तोंडून शब्द फुटत नाहीं. भोंवतालीं कामकरी माणसें घाईघाईनें जेवीत आहेत. त्यांच्यापुढें दिवसाढवळ्या पेला घेऊन बसावें कसें? लोक काय म्हणतील? इतकीं वर्षें दुपार ही साहेबाची होती. ती आपली झाली आहे, हें त्याच्या हाताला आणि जिभेला अजून कळलेलें नाहीं.

तोंच त्याच्या कल्पनेंत देखावा पालटतो. खानावळीच्या जागीं जुन्या काळचा मद्याचा गुत्ता दिसूं लागतो, आणि एक रापलेला, धुळीनें माखलेला सामुराई आंत येतो. तेत्सुजी तामायामा या नटानें हें काम केलें आहे. कोणाकडे न पाहतां तो बसतो, मोठ्यानें मद्य मागतो, आणि मनमुराद पितो. त्याला दुपार आणि रात्र सारखीच. त्याच्यावर धनी नाहीं. ती मूर्ति विरते, आणि कासुमी चांचरत, परंतु अखेर मोठ्यानें, बीअर मागतो. भागाची सारी गोष्ट एवढीच.

ही गोष्ट ऐकून कोणी हंसेल. साठ वर्षांच्या माणसाला एक पेला मागण्यास योद्ध्याचें बळ कशास हवें? परंतु मालिकेचें मर्म याच ठिकाणीं आहे. नोकरी सुटली म्हणजे काम सुटतें, पगार घटतो, मान कमी होतो, हें सर्वांस ठाऊक असतें आणि त्याची तजवीज शहाणी माणसें आधींपासून करतात. ज्याची तजवीज कोणी करीत नाहीं अशी गोष्ट निराळीच आहे. कचेरी माणसाला जसा हुकूम देते, तशीच ती त्याला परवानगीहि देते. केव्हां उठावें, केव्हां जेवावें, कोणाशीं बोलावें, केव्हां विसांवा घ्यावा, हें सर्व तीच ठरविते. त्या ठरविण्याच्या सावलींत माणूस इतकीं वर्षें काढतो कीं, स्वतःला काय हवें हें विचारण्याची संवयच मोडून जाते. निवृत्तीच्या दिवशीं हुकूम थांबतात. पण त्यांच्याबरोबर परवानगी देणाराहि निघून जातो. कासुमीला आतां कोणी अडवीत नाहीं, आणि म्हणूनच तो अडतो. बीअर हें केवळ निमित्त आहे. तिच्या जागीं दुसरें कांहींहि असतें तरी गोष्ट तीच राहिली असती.

मालिकेच्या कर्त्यांनीं या अडलेल्या माणसाच्या मदतीस विना-धन्याचा योद्धा आणला, यांत जपानी इतिहासाचें सूक्ष्म भान आहे. सामुराई या शब्दांतच सेवा हा अर्थ दडलेला आहे. सामुराई म्हणजे धन्याजवळ राहून त्याची सेवा करणारा. धनी गेला कीं तो ‘रोनिन’ होई. रोनिन म्हणजे लाटेसारखा भरकटणारा माणूस. इ. स. १६०० च्या सेकिगाहाराच्या लढाईनंतर तोकुगावा घराण्यानें पराभूत सरदारांच्या जहागिरी जप्त केल्या, तेव्हां अशा बेधनी योद्ध्यांची संख्या फार वाढली. पुढें शांततेच्या काळांतहि, एखादा सरदार निपुत्रिक मेला कीं त्याची जहागीर खालसा होई आणि त्याचे सारे सामुराई एका दिवसांत निराश्रित होत. १६५१ सालीं युइ शोसेत्सु याच्या नेतृत्वाखालीं अशा असंतुष्ट रोनिनांनीं सत्ता उलथविण्याचा कट केला. तो फसला, परंतु राज्यकर्त्यांना धडा मिळाला, आणि मरणोन्मुख सरदारास दत्तक घेतां यावा म्हणून नियम सैल करण्यांत आले. याचें एक कारण हेंच कीं, रोनिन कमी निपजावेत. आजहि जपानांत विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेंत नापास होऊन पुन्हा तयारीला बसलेल्या विद्यार्थ्यास थट्टेनें रोनिन म्हणतात. सारांश, धनी नसणें ही तेथें तीनशें-चारशें वर्षें एक आपत्ति, आणि थोडीशी लाजहि, मानली गेली.

मालिका या अर्थाला हळूच उलटवते. कासुमीच्या कल्पनेंतील योद्धा निराश्रित नाहीं, मोकळा आहे. त्याला धनी नाहीं याचा अर्थ तो स्वतःचा धनी आहे. ज्या शब्दानें इतिहासांत बेकार माणसाची कींव केली, त्याच शब्दांतून ही मालिका एका निवृत्त माणसास धीर देते.

पुढील भागांतहि प्रसंग असेच लहान आहेत. एका दुकानांत रामेन, म्हणजे कढत सारांतील शेवया, खावयास तो जातो, तर तेथील मालकीण गिऱ्हाइकांवर खेंकसते. बसलेला प्रत्येक जण मान खालीं घालून गिळतो. एका पाश्चात्त्य पद्धतीच्या उंची उपाहारगृहांत काट्याचमच्यांशीं झुंजतांना त्याला आपल्या जेवणाच्या काड्यांची आठवण येते; परंतु अशा ठिकाणीं त्या मागाव्या कशा, या संकोचानें तो गप्प बसतो. प्रत्येक वेळीं योद्धा प्रकटतो आणि कासुमीनें जें करावयास हवें तें बेधडक करून दाखवितो. मात्र कासुमी त्याचें अनुकरण करीत नाहीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. योद्धा गर्जतो, कासुमी बोललाच तर मृदुपणें बोलतो, आणि केव्हां केव्हां शब्द ओंठांवरच राहतो. इतक्या वर्षांच्या संवयी बारा भागांत सुटत नाहींत. मालिका त्याचा वीर करीत नाहीं, म्हणूनच ती खरी वाटते.

निवृत्तीच्या उंबरठ्यावरील माणसाची दुसरी एक जपानी कथा जगप्रसिद्ध आहे. अकिरा कुरोसावा यांचा ‘इकिरु’, म्हणजे जगणें, हा चित्रपट १९५२ सालचा. त्यांतील वातानाबे हा नगरकचेरींतला वृद्ध अधिकारी. हें काम ताकाशी शिमुरा यांनीं केलें. कागदावर शिक्के मारण्यांत त्याचा जन्म गेला. पोटांत कर्करोग झाला आहे आणि दिवस थोडे आहेत, हें कळल्यावर तो जागा होतो, आणि दलदलीच्या जागीं मुलांसाठीं बाग करवून घेऊन मग मरतो. तेथें मृत्यु जवळ आहे, म्हणून जगण्याला धार येते आणि एक मोठें कार्य हातून घडतें. कासुमीची अडचण नेमकी उलटी आहे. त्याला मृत्यूनें बोलावलेलें नाहीं. आज साठ वर्षांच्या जपानी पुरुषापुढें सरासरीनें वीसाहून अधिक वर्षें असतात. इतका काळ माणूस एखाद्या अंतिम कार्याच्या आवेशानें काढूं शकत नाहीं. त्याला रोजच्या दिवसाचा आकार शोधावा लागतो. वातानाबेला मरण्यापूर्वीं काय करावें हें ठरवावयाचें होतें. कासुमीला ठरवावयाचें आहे तें दुपारीं काय करावें. दुसरा प्रश्न दिसावयास क्षुद्र आहे. परंतु तो रोज येतो, आणि निवृत्त माणसांपैकीं बहुतेकांच्या वांट्याला तोच येतो.

हा प्रश्न एकट्या पुरुषाचा नसतो, घराचा असतो. जपानांत निवृत्त नवऱ्यास उद्देशून ‘नुरे ओचिबा’, म्हणजे ओलें गळलेलें पान, असा एक कडू शब्दप्रयोग रूढ झाला. अंगणांतील ओलें पान केरसुणीला चिकटतें आणि झटकलें तरी सुटत नाहीं. तसा हा गृहस्थ दिवसभर बायकोच्या मागें मागें असतो. ती बाहेर निघाली कीं कोठें, केव्हां येणार आणि माझें जेवण काय, हे प्रश्न ठरलेले. एप्रिल २००७ मध्यें तेथें असा कायदा अंमलांत आला कीं, काडीमोड झाल्यास नवऱ्याच्या नोकरीवरील निवृत्तिवेतनाचा हिस्सा, अर्ध्यापर्यंत, बायकोस मिळूं शकतो. उतारवयांतील काडीमोडीची चर्चा त्या सुमारास वर्तमानपत्रांतून पुष्कळ झाली. ज्या दांपत्यानें तीन-चार दशकें फक्त सकाळ आणि रात्र एकत्र पाहिली, त्यांस दुपार एकत्र पाहण्याची वेळ आली म्हणजे अनोळखी माणसांसारखें वाटावें, यांत नवल नाहीं.

कासुमीची पत्नी शिझुको ही होनामी सुझुकी या नटीनें रंगविली आहे. ती हंसतमुख आहे, आणि तिला स्वतःचीं कामें व स्वतःचा दिवस आहे. कासुमी ओलें पान झाला नाहीं याचें श्रेय अर्धें तिचें. मात्र येथें प्रेक्षकाच्या मनांत एक शंका उठल्यावांचून राहत नाहीं. कासुमीला तेइनेन मिळालें. शिझुकोला तें केव्हां मिळणार? घरच्या स्वयंपाकाला साठाव्या वर्षीं कोणी गुच्छ देऊन निरोप देत नाहीं. नवरा दुपारच्या जेवणाचा नवा स्वाद शोधीत हिंडतो, तो रात्रीचें जेवण घरीं मिळेल या भरंवशावर. मालिका हा प्रश्न विचारीत नाहीं. तिची मर्यादा आणखीहि एक आहे: कासुमीला निवाऱ्याची विवंचना नाहीं आणि प्रकृतीची तक्रार नाहीं. ज्याला साठीनंतरहि पोटासाठीं राबावें लागतें, त्याला दुपारीं काय करावें हा प्रश्न पडत नाहीं.

अशांचा, आणि घरीं बसून कंटाळलेल्यांचाहि, विचार जपानी समाजानें दुसऱ्या वाटेनें केला आहे. १९७५ सालीं तोकियोमध्यें वृद्धांना थोडें थोडें काम मिळवून देणारी एक संस्था निघाली. तिच्या नमुन्यावर देशभर केंद्रें उभीं राहिलीं आणि १९८६ सालीं त्यांना कायद्याचा आधार मिळाला. यांना ‘सिल्वर’ म्हणजे रुपेरी केंद्रें म्हणतात. बागेंतील गवत काढणें, झाडें छाटणें, सायकलींच्या तळावर देखरेख करणें, कागदी सरकत्या दारांना नवा कागद लावणें, असलीं कामें तेथील सभासद आठवड्यांतून कांहीं दिवस करतात. पैसा बेताचाच मिळतो. परंतु ठराविक दिवशीं आपली कोणी वाट पाहत आहे, ही जाणीव मिळते, आणि तिचें मोल पैशांत होत नाहीं.

काम शोधावें कीं स्वाद शोधावा, हा ज्याच्या त्याच्या परिस्थितीचा भाग होय. परंतु दोहोंच्या आधींची एक पायरी आहे, आणि ती ओलांडल्यावांचून कोणतीच वाट सांपडत नाहीं. स्वतःला काय हवें आहे, हें ओळखणें आणि तें लाज न धरतां सांगणें, ही ती पायरी. आपल्याकडे ‘साठी बुद्धि नाठी’ ही म्हण थट्टेनें वापरली जाते. वस्तुतः साठीला जी हरवलेली दिसते ती बुद्धि नसून इच्छा असते. इतकीं वर्षें दुसऱ्याच्या कामासाठीं बाजूला ठेवलेली, आणि मग ठेवलेली जागाच विसरून गेलेली.

म्हणून घरांत कोणी निवृत्त झालें म्हणजे ‘आतां पुढें काय करणार?’ हा जो प्रश्न नातलग आणि शेजारी पहिल्या दिवसापासून विचारूं लागतात, तो थोडा आवरता घेतलेला बरा. त्याचें उत्तर त्या माणसाजवळ नसतें, आणि तें नाहीं याची लाज मात्र वाढते. ‘आज काय करावेंसें वाटतें?’ हा प्रश्न लहान आहे; त्याचें उत्तर देतां येतें, आणि तें उद्यां बदलतांहि येतें. मात्र तो घरांतल्या दोघांनाहि विचारला गेला पाहिजे. कान्रेकीची लाल बंडी जिला घातली ती व्यक्ति लहान मूल झाली, असें पंचांग म्हणतें. लहान मूल आयुष्याचें ध्येय ठरवून चालूं लागत नाहीं. समोरची एखादी वस्तु त्याला हवीशी वाटते, तें तिच्याकडे हात करतें, आणि पहिलें पाऊल पडतें.